काटा न थांबवता मोडेम मॉड्यूल बदललं: एका साखर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर-धाराशिव पट्ट्यातला एक साखर कारखाना. नाव, गाव आणि उपकरणांचे ब्रँड मुद्दाम गाळले आहेत. मूळचा सहकारी, मधे काही हंगाम बंद पडलेला आणि आता दुसऱ्या कारखान्याने भाडेतत्त्वावर चालवायला घेतलेला. मराठवाड्यात असं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. चालवणाऱ्यांच्या कागदावर तो 'युनिट दोन'. ऊसनोंद, तोडणी प्रोग्रॅम, वजन, बिलं या सगळ्याचं सॉफ्टवेअर आणि सर्व्हर मात्र युनिट एकला, म्हणजे चालवणाऱ्यांच्या मूळ कारखान्यात. म्हणजे युनिट दोनच्या काट्यावर गाडी चढली की वजन तालुका ओलांडून पलीकडच्या सर्व्हरवर नोंदतं, आणि तिथून होकार आला की इकडे पावती निघते.

हा जोड सांभाळायला काटा केबिनमध्ये एक मॉड्यूलर राउटर होता. मुख्य लाईन फायबरची. तिच्या पाठीशी राउटरच्या दोन स्लॉटमध्ये दोन फोर-जी मोडेम मॉड्यूल, दोन वेगळ्या मोबाईल कंपन्यांची सिम घातलेली. तिन्ही वाटांवरून युनिट एकपर्यंत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारा पण खासगी, सुरक्षित जोड.

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांना दहा मिनिटं नेट बंद राहिलं तर काय बिघडतं, असं वाटेल. भरलेली गाडी एका काट्यावर तोलली जाते, गव्हाणीत खाली होते, मग रिकामी होऊन दुसऱ्या काट्यावर येते. दोन्हींतला फरक म्हणजे उसाचं निव्वळ वजन. मधेच जोड तुटला तर यार्डात कितीतरी गाड्यांच्या अर्ध्याच नोंदी लटकतात. त्या नंतर जुळवता येतात, पण तोवर पावती हाताने लिहावी लागते. आणि ऊस उत्पादकाला सगळ्यात जास्त राग येतो तो हाताने लिहिलेल्या वजनाचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) मिळायची, ती याच आकड्यावर. काटामारीच्या तक्रारी दर हंगामात होतात, भरारी पथकं काटे तपासत फिरतात. अशा वातावरणात पेनाने लिहिलेली पावती म्हणजे आयतंच भांडण. चेअरमनच्या सूचनेवरून त्या हंगामात हातपावती पूर्ण बंद होती. जोड नसेल तर काटा थांबवायचा, हा नियम.

अडचण

जानेवारीचा मधला आठवडा, गाळप ऐन भरात. रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडली होती आणि ती जोडून मिळायची तारीख रोज पुढे जात होती. सगळा भार स्लॉट एकमधल्या मोडेमवर आला, आणि तेच मॉड्यूल अधूनमधून गायब व्हायला लागलं. काटा क्लार्कचा फोन असायचा, "साहेब, मधूनच बंद पडायलंय. स्क्रीन नुसती फिरतीय, अन् गाड्यावाले केबिनीत शिरायलेत."

राउटर दरवेळी स्लॉट दोनवर जायचा, व्हीपीएन नव्याने उभी राहायची, तोवर एखादं मिनिट पावती अडकायची. तेवढ्यावर भागलं असतं. पण स्लॉट एक पुन्हा दिसू लागलं की राउटर आपणहून परत तिकडे उडी मारायचा, म्हणजे आणखी एक खंड. एका बिघाडाचे दोन झटके. म्हणून पहिला निर्णय हाच घेतला, की आपोआप परत जाणं बंद करायचं आणि स्लॉट दोनला मुख्य करायचं. हे युनिट एकवरून बसल्या जागी करता आलं आणि त्याने काट्यावरची बोंब निम्म्याने कमी झाली.

तरी हे कायमचं चालणार नव्हतं. स्लॉट दोनच्या कंपनीचा टॉवर गावातली लाईट गेली की थोडा वेळ बॅटरीवर चालतो आणि मग मान टाकतो. एकाच पायावर हंगाम काढायचा नव्हता.

दोष नेमका कुठे हे लॉगवरून, म्हणजे राउटर स्वतः ठेवतो त्या नोंदींवरून, बरंच स्पष्ट होतं. टॉवरची किंवा सिमची भानगड असेल तर मॉड्यूल राउटरला दिसत राहतं, फक्त नेटवर्कवर नोंदणी होत नाही. इथे राउटरच्या आतल्या यूएसबी जोडावरूनच मॉड्यूल नाहीसं होत होतं आणि काही सेकंदांनी नवीन असल्यासारखं परत उगवत होतं. नुसता टॉवर पडल्याने सहसा असं होत नाही. म्हणजे दोष मॉड्यूलमध्ये, त्याच्या विजेत किंवा स्लॉटमध्ये. राउटरचा लोखंडी डबा उघडला तेव्हा थंड होण्यासाठी ठेवलेल्या पट्ट्यांवर भुशाचा आणि बॉयलरच्या राखेचा थर बसलेला. पंखा नसलेला राउटर, वर पत्र्याचं छत. तो थर ब्रशने काढल्यावर दुपारचे खंड कमी झाले, पण पूर्ण थांबले नाहीत.

पुस्तिकेत काय होतं

मॉड्यूल पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसाचं म्हणणं सरळ होतं: हॉट स्वॅप आहे (म्हणजे वीज चालू असताना बदलता येतं), ओढा आणि नवीन घाला. माहितीपत्रकावरही तो शब्द ठळक छापलेला. इथे सिस्टीम ऑफिसरने घाई केली नाही, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तोच सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. माहितीपत्रक विकण्यासाठी असतं. इन्स्टॉलेशनची पुस्तिका वेगळी असते, आणि अटी त्यात असतात.

तिथे तीन अटी निघाल्या. मॉड्यूल त्याच प्रकारचं हवं. आधी सॉफ्टवेअरमधून तो स्लॉट थांबवायचा आणि मॉड्यूलचा दिवा पूर्ण विझल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि सिम मॉड्यूलच्या ट्रेमध्ये असल्याने वीज चालू असताना सिम उपसायचं नाही.

या अटी कशासाठी, हे कळलं की त्या मोडाव्याशा वाटत नाहीत. चालू अवस्थेत बदलण्यासाठी बनवलेल्या कनेक्टरमध्ये पिनांची लांबी सारखी नसते. आधी अर्थिंग टेकतं, मग वीज, शेवटी डेटा. साध्या यूएसबी प्लगमध्येसुद्धा विजेच्या दोन पट्ट्या डेटाच्या पट्ट्यांपेक्षा पुढे आलेल्या असतात त्या याचसाठी. दुसरी गोष्ट विजेची. मॉड्यूल आत शिरताक्षणी त्यातले कपॅसिटर भरायला एकदम करंट ओढतात. तो आवरणारं सर्किट स्लॉटवर नसेल तर पूर्ण बोर्डाचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि शेजारचं धडधाकट मॉड्यूलही रीसेट होतं. म्हणजे स्लॉट एक दुरुस्त करायला गेलो आणि चालू असलेला स्लॉट दोनही पाडला. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरची: ड्रायव्हर (मॉड्यूल चालवणारं राउटरमधलं सॉफ्टवेअर) मॉड्यूलशी बोलत असताना ते अचानक नाहीसं झालं तर कधी काही होत नाही, कधी ड्रायव्हर अडकून बसतो आणि तो सोडवायला शेवटी राउटरच रीस्टार्ट करावा लागतो.

बाजारातल्या बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये मोडेम म्हणजे मदरबोर्डवर बसवलेलं मिनी पीसीआय एक्स्प्रेस किंवा एम-टू कार्ड असतं. ते चालू राउटरमधून काढण्यासाठी बनवलेलंच नसतं, सिमची पट्टी बाहेरून बदलता येत असली तरी. इथलं मॉड्यूल पत्र्याच्या ट्रेमध्ये, समोर दोन स्क्रू आणि दोन अँटेना सॉकेट, स्लॉटला स्वतंत्र वीजनियंत्रण. हे पाहूनच पुढचा विचार झाला.

कोणते पर्याय होते

हंगाम संपेपर्यंत आहे तसं चालवणं हा पर्याय चीफ इंजिनिअरला आवडला होता. चालू कारखान्यात हात घालू नये, हा त्यांचा अनुभव. मिलहाउसमध्ये तो बरोबरच आहे. पण फायबर तुटलेली आणि टॉवरची बॅटरी कमजोर, अशात काही न करणं हीदेखील जोखीम होती. फक्त ती जोखीम कुणाच्या सहीने घेतलेली नव्हती.

दुसरा पर्याय राउटर पूर्ण बंद करून मॉड्यूल बदलायचा. तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सुरक्षित. राउटर सुरू होऊन व्हीपीएन उभी राहायला दहा मिनिटं धरली, तरी यार्डात रांग, अर्ध्या नोंदी आणि हातपावती नाही. शिवाय राउटर परत सुरू झालाच नाही तर? कित्येक महिने न थांबलेलं उपकरण थांबवल्यावर परत उठेलच याची खात्री कुणी देत नाही. हा मुद्दा बैठकीत कुणी काढला नव्हता, तो नंतर फोनवरच्या बोलण्यात आला आणि पारडं तिथे फिरलं.

तिसरा पर्याय चालू अवस्थेत बदलायचा, अटी पाळून.

चौथा पर्याय म्हणजे वेगळा छोटा फोर-जी राउटर आणून लॅनच्या पोर्टला जोडायचा आणि स्लॉट एकचा नाद सोडायचा. हा मला अजूनही वाईट वाटत नाही. त्याला अडचण एकच: युनिट एकचा फायरवॉल (बाहेरून येणारे जोड अडवणारा पहारेकरी) ठरावीक आयपी पत्त्यांवरूनच जोड घेत होता आणि साध्या सिमला तसा पत्ता नव्हता. शेवटी तिसरा पर्याय ठरला, आणि चौथ्याचा वापर पडलंच तर झेलणारी जाळी म्हणून केला. फायरवॉलमध्ये त्या दिवसापुरती सवलत ठेवून छोटा राउटर आदल्या संध्याकाळी जोडून, व्हीपीएन उभी राहते का हे पाहून ठेवला.

तयारी

नवीन मॉड्यूल आधी युनिट एकच्या टेबलावर, तशाच राखीव राउटरमध्ये लावून पाहिलं. हे केलं नसतं तर सगळं काट्यावर उघडं पडलं असतं. कारण युनिट दोनच्या सिमच्या जोडीचं राखीव सिम त्यात घातलं तर नोंदणीच होईना. सिग्नल भरपूर, सिम वाचलं जातंय, तरी नेटवर्क नाकारतंय. ही मशीनसाठी घेतलेली तेरा आकडी नंबरांची सिम होती आणि घेताना सुरक्षेसाठी ती त्या त्या मॉड्यूलच्या आयएमईआय नंबराशी (प्रत्येक मोडेमचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून घेतली होती. बांधणारा अधिकारी बदलून गेलेला, कागद फाईलमध्ये. मोबाईल कंपनीला मेल, मग फोन, मग पुन्हा मेल. नवीन आयएमईआय चढायला दोन कामाचे दिवस गेले. फर्मवेअरही (मॉड्यूलच्या आतलं सॉफ्टवेअर) त्याच टेबलावर जुन्या मॉड्यूलच्या बरोबरीला आणलं.

दुसरा सापळा राउटरच्या सेटिंगमध्ये होता. मोडेमवरून ठरावीक पत्त्याला पिंग (जोड चालू आहे का हे पाहणारी हाक) गेला नाही तर मोडेम रीसेट करायचं, आणि तसं लागोपाठ झालं तर पूर्ण राउटर रीस्टार्ट करायचा, असा वॉचडॉग कुणीतरी पूर्वी लावून ठेवला होता. निर्जन ठिकाणच्या राउटरला तो वरदान असतो. इथे मॉड्यूल बाहेर काढल्यावर काही मिनिटांत त्याने राउटरच खाली बसवला असता, म्हणजे जे टाळायला एवढा खटाटोप तेच आपल्या हाताने. आदल्या रात्री सेटिंग ओळीने वाचताना तो सापडला आणि बदलाच्या वेळेपुरता बंद ठेवायचं ठरलं. परत चालू करण्याची ओळ कागदावर आधीच लिहून ठेवली.

वेळ कोणती, यावर यार्ड सुपरवायझरचं ऐकलं. माझा कल रात्रीचा होता. ते म्हणाले, "रात्रीच्याला ट्रॅक्टर लई येतेत. दिवसा अकराला बैलगाड्या खाली होऊन गेलेल्या असतेत, फडातल्या ट्रॉल्या यायच्या असतेत. तवा करा." शिवाय त्या वेळी गावात लाईट असते, म्हणजे स्लॉट दोनचा टॉवर धडधाकट. नेटवर्कवाल्यांना रात्र शांत वाटते ती बँकेच्या हिशोबाने. कारखान्याचं घड्याळ वेगळं.

प्रत्यक्ष बदल

केबिनमध्ये सिस्टीम ऑफिसर आणि कारखान्याचा इलेक्ट्रिशियन, फोनवर युनिट एकला मी. काटा क्लार्कला एकच काम: दर पावतीला मोठ्याने "निघाली" म्हणायचं. हे सुचवलं तेव्हा हसले सगळे, पण स्क्रीनवरच्या कुठल्याही आलेखापेक्षा तो आवाज जास्त उपयोगी पडला.

सेटिंगची प्रत काढली, वॉचडॉग बंद केला, स्लॉट एकवरून काहीच जात नाही हे पाहिलं, आणि स्लॉट थांबवण्याची आज्ञा दिली. दिवा लगेच विझला नाही. हिरवा, मग पिवळा, मग लुकलुकत राहिला. इलेक्ट्रिशियनचा हात स्क्रूवर होता. सिस्टीम ऑफिसरने त्याचं मनगट धरून ठेवलं, असं त्याने नंतर सांगितलं. लॉगमध्ये ड्रायव्हर मोकळा झाल्याची ओळ आली, त्यानंतर दिवा विझला. जानेवारीतली हवा कोरडी, अंगावर स्वेटर, त्यामुळे स्थिर विजेची भीती खरी होती. मनगटपट्टा अर्थिंगला जोडून घेतला होता. अँटेनाच्या तारा सोडल्या, स्क्रू काढले, ट्रे सरळ ओढली. नवीन ट्रेमध्ये सिम आधीच बसवून ठेवलं होतं. आत सरकवली, स्क्रू घट्ट, तारा परत, स्लॉट सुरू. मॉड्यूल दिसलं, नोंदणी झाली, व्हीपीएन उभी. मधल्या सगळ्या वेळात "निघाली, निघाली" चालूच.

पण काम तिथे संपलं नाही. चाचणीसाठी डेटाची थोडी वाहतूक स्लॉट एकवर वळवली तर डाऊनलोड ठीक, अपलोड रांगतंय. मुख्य अँटेनाचा सिग्नल -१०८ डीबीएम (हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). जुन्या मॉड्यूलवर हाच आकडा -९० च्या आसपास असायचा. टॉवर तोच, सिम त्याच कंपनीचं, छतावरचा अँटेना तोच.

कारण ट्रेच्या तोंडावर होतं. नवीन मॉड्यूल त्याच मॉडेलचं, पण नंतरच्या आवृत्तीचं, आणि त्यात मुख्य आणि सहायक सॉकेटची जागा उलट होती. तारा जुन्या सवयीने डावी डावीकडे, उजवी उजवीकडे लावल्या गेल्या. त्यामुळे छतावरचा उंच अँटेना सहायकला आणि पत्र्याखालचा छोटा दांडा मुख्यला. फोर-जी मोडेम ऐकताना दोन्ही अँटेना वापरतं, बोलताना मात्र मुख्यच. म्हणून डाऊनलोड झाकून गेलं आणि अपलोड उघडं पडलं. काट्याला तर अपलोडच महत्त्वाचं. युनिट एकच्या टेबलावर दोन्ही सॉकेटना सारखेच छोटे दांडे लावले होते, तिथे हे कळायची सोयच नव्हती. स्लॉट पुन्हा थांबवून, दिवा विझल्यावर तारा अदलाबदल केल्या. -८९. वॉचडॉग चालू, छोटा राउटर बाजूला, फायरवॉलची सवलत रद्द.

परिणाम

काटा एकदाही थांबला नाही. फायबर जोडून येईपर्यंत स्लॉट एकनेच भार वाहिला आणि मॉड्यूल गायब झाल्याची नोंद पुन्हा लॉगमध्ये आली नाही.

गंमत जुन्या मॉड्यूलची. ते युनिट एकच्या टेबलावर लावून ठेवलं, मुद्दाम सतत डेटा ओढायला लावला, तरी ते एकदाही गायब झालं नाही. एजन्सीने बदलून देण्याआधी तपासलं, त्यांनाही दोष सापडला नाही. ट्रेच्या मागच्या कनेक्टरवर मात्र बोटाला काळं लागेल इतकी बारीक राख होती. माझा अंदाज असा की संपर्कच नीट होत नव्हता, आणि नवीन मॉड्यूलने जे केलं ते निम्मं तरी नुसत्या काढण्या-घालण्याने झालं असतं. चीफ इंजिनिअर म्हणतात मॉड्यूल गरम झाल्यावरच रुसत असणार, थंड टेबलावर ते कळणार कसं. दोन्ही शक्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

स्लॉट थांबवला, दिवा विझला, ट्रे बाहेर आली, त्या क्षणी कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेच जुनं मॉड्यूल परत लावून पाहण्याची संधी होती. छोटा राउटर जाळी म्हणून जोडलेला होता, वेळही होता. तसं केलं असतं तर दोष राखेचा की मॉड्यूलचा याचा निकाल लागला असता, आणि नवीन मॉड्यूल खऱ्या गरजेसाठी राखीव राहिलं असतं. बदलायचं ठरलं की बदलूनच टाकायचं, या ओघात ते सुचलं नाही.

सिमची आयएमईआयशी बांधणी सुरक्षेला चांगली आहे, ती काढू नये. पण राखीव मॉड्यूलचा नंबरही मोबाईल कंपनीकडे आधीच नोंदवून ठेवला असता तर दोन दिवस वाचले असते. आता राखीव ट्रेवर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली आहे. अँटेनाच्या तारांना लाल आणि निळी टेप लागली आहे, आणि सॉकेटवर काय छापलंय ते वाचूनच तार लावायची, हे कागदावर आलं आहे.

आपोआप परत उडी मारण्याचं सेटिंग तर हंगामाच्या सुरुवातीलाच तपासायला हवं होतं. क्लार्कच्या तक्रारींतला मोठा वाटा त्याचाच होता आणि ते बदलायला ना मॉड्यूल लागलं ना बैठक.

डब्याचं काम मात्र अर्धवट आहे. बॉयलरच्या बाजूची जाळी बंद करून आता दाराला फिल्टर लावलाय. फिल्टर महिन्याला झटकायचा, हे काम कुणाचं यावर इलेक्ट्रिकल आणि सिस्टीम या दोन विभागांत अजून पत्रव्यवहार चालू आहे.